युद्धकाळातील संशयित शत्रुयोद्ध्यांचे कायदेशीर हक्क : ग्वांटानामो खटल्यांच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

सामान्य परिस्थितीत राज्यसंस्थेला एखाद्या व्यक्तीस दीर्घकाळ बंदिवासात ठेवावयाचे असेल, तर तिच्यावर आरोप ठेवणे, तो न्यायालयात सिद्ध करणे आणि न्यायालयाकडून शिक्षा मिळविणे हाच मार्ग उपलब्ध असतो. युद्धकाळात मात्र आणखी एक मार्ग खुला होतो. रणभूमीवर पकडल्या गेलेल्या शत्रुसैनिकाने कोणताही गुन्हा केलेला नसतो. तरीही तो पुन्हा शस्त्र हाती घेऊन लढू नये, एवढ्याच कारणासाठी युद्ध संपेपर्यंत त्याला अडकवून ठेवण्याची मुभा आंतरराष्ट्रीय कायदा देतो. ही स्थानबद्धता म्हणजे शिक्षा नव्हे, ती एक खबरदारी आहे.

ही व्यवस्था तीन गृहीतकांवर उभी आहे. पहिले, शत्रू गणवेशावरून ओळखता येतो. दुसरे, युद्ध दोन राष्ट्रांमध्ये होते. तिसरे, युद्धाला कधीतरी निश्चित शेवट असतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर जे 'दहशतवादविरोधी युद्ध' सुरू झाले, त्यात ही तिन्ही गृहीतके लागू पडेनाशी झाली. शत्रू साध्या वेशात होता, तो कोणत्याही एका राष्ट्राचा नव्हता आणि युद्ध केव्हा संपेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. अशा स्थितीत केवळ संशयावरून पकडलेल्या व्यक्तीला कोणते हक्क उरतात, हा प्रश्न अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेपुढे उभा राहिला.

या प्रश्नाच्या मुळाशी एक अधिक मूलभूत प्रश्न आहे. पकडलेली व्यक्ती खरोखरच शत्रुयोद्धा आहे, हे ठरविणार कोण? पकडणारे शासन स्वतःच ते ठरविणार असेल, तर कागदावरील इतर सर्व हक्क निरर्थक ठरतात, कारण त्या हक्कांचे स्वरूप याच निर्णयावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) युद्धकैदी, नागरिक व शत्रुयोद्धा या संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२) २००४ ते २००८ या काळातील अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुख निर्णयांचा आशय समजावून घेणे.
३) न्यायालयाने मान्य केलेला हक्क प्रत्यक्षात कितपत उपयोगी ठरला, याचे मूल्यमापन करणे.
४) भारतीय राज्यघटनेतील संबंधित तरतुदी व अनुभव यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो न्यायनिर्णय, आंतरराष्ट्रीय करार व घटनात्मक तरतुदी यांच्या आधारे केलेला आहे. अभ्यासाची व्याप्ती स्थानबद्धतेच्या वैधतेपुरती मर्यादित असून छळ व चौकशीच्या पद्धती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

संकल्पनात्मक चौकट

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात युद्धकैद्यांचे हक्क विस्ताराने नमूद केलेले आहेत. या कराराच्या कलम ४ मध्ये युद्धकैदी कोणाला म्हणावे हे सांगितले आहे. नियमित सैन्यातील सैनिकांना हा दर्जा मिळतोच. त्याशिवाय सैन्याचा भाग नसलेल्या सशस्त्र गटांच्या सदस्यांनाही तो चार अटींवर मिळू शकतो : त्यांचा जबाबदार नेता असावा, त्यांच्याकडे दुरून ओळखता येईल असे निश्चित चिन्ह असावे, त्यांनी शस्त्रे उघडपणे बाळगावीत आणि युद्धाचे नियम पाळावेत. युद्धकैद्याला चौकशीत आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख व सैनिकी क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक असते. केवळ युद्धात लढल्याबद्दल त्याच्यावर खटला भरता येत नाही आणि कलम ११८ नुसार प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर त्याला विनाविलंब मुक्त करावे लागते.

या अभ्यासाच्या दृष्टीने कलम ५ सर्वांत महत्त्वाचे आहे. पकडलेल्या व्यक्तीच्या दर्जाविषयी शंका असेल, तर सक्षम न्यायाधिकरण त्याविषयी निर्णय देईपर्यंत तिला युद्धकैद्याचेच संरक्षण द्यावे, असे हे कलम सांगते. ही तरतूद अव्यवहार्य आहे असे म्हणता येत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात खुद्द अमेरिकन सैन्याने अशा सुमारे १२०० सुनावण्या घेतल्या होत्या. याखेरीज चारही जिनिव्हा करारांत समान असलेले कलम ३ हे आंतरराष्ट्रीय स्वरूप नसलेल्या सशस्त्र संघर्षातही लागू होते. नियमितपणे स्थापन झालेल्या न्यायालयाच्या निर्णयाशिवाय कोणालाही शिक्षा देण्यास ते मनाई करते.

'शत्रुयोद्धा' ही संज्ञा मात्र जिनिव्हा करारांत या अर्थाने आढळत नाही. ती अमेरिकन कायद्याच्या परंपरेतून आली आहे आणि २००१ नंतर तिला नवा, अधिक व्यापक अर्थ देण्यात आला. ज्याला युद्धकैद्याचे हक्क नाहीत, कारण तो नियमानुसार लढलेला नाही, आणि ज्याला आरोपीचेही हक्क नाहीत, कारण त्याच्यावर खटला भरलेला नाही, अशा व्यक्तीसाठी ही संज्ञा वापरली गेली.

ऐतिहासिक पूर्वपीठिका

या विषयावर अमेरिकन न्यायालयापुढे पूर्वीचे तीन महत्त्वाचे निर्णय होते. १८६६ मधील मिलिगन खटल्यात न्यायालयाने असे म्हटले की, जेथे दिवाणी व फौजदारी न्यायालये सुरळीत सुरू आहेत, तेथे नागरिकावर लष्करी आयोगापुढे खटला चालविता येणार नाही. अमेरिकन यादवी युद्ध नुकतेच संपलेले असताना हा निर्णय आला.

१९४२ मधील क्विरिन खटल्याचा सूर वेगळा होता. त्या वर्षी जून महिन्यात आठ जर्मन हस्तक घातपातासाठी पाणबुड्यांतून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले व पकडले गेले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांच्यासाठी लष्करी आयोग नेमला. सर्वोच्च न्यायालयाने वैध व अवैध योद्धे असा भेद करून आयोगाचा अधिकार मान्य केला. ऑगस्टमध्ये आठपैकी सहा जणांना देहदंड देण्यात आला. न्यायालयाचे सविस्तर निकालपत्र त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाले. येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. क्विरिन खटल्यातील बंदींवर निश्चित आरोप होते, त्यांना वकील मिळाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले होते.

तिसरा निर्णय १९५० मधील आयझेनट्रेगर खटल्याचा. चीनमध्ये पकडले गेलेले, तेथेच अमेरिकन लष्करी आयोगाने दोषी ठरविलेले आणि जर्मनीतील लँड्सबर्ग तुरुंगात ठेवलेले २१ जर्मन कैदी अमेरिकन न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजेच बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करू शकत नाहीत, असे न्यायालयाने ठरविले. अमेरिकेच्या सार्वभौम भूमीबाहेरील परकीय शत्रूला हा हक्क नाही, असा या निर्णयाचा अर्थ पुढे लावण्यात आला.

ग्वांटानामोची निवड

१८ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकन काँग्रेसने संमत केलेला लष्करी बळाच्या वापराचा ठराव अमलात आला. हल्ल्यास जबाबदार असलेली राष्ट्रे, संघटना व व्यक्ती यांच्याविरुद्ध आवश्यक ते सर्व बळ वापरण्याचा अधिकार त्याद्वारे राष्ट्राध्यक्षांना मिळाला. १३ नोव्हेंबर २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी परकीय संशयितांच्या स्थानबद्धतेविषयी व लष्करी आयोगांविषयी आदेश काढला आणि ११ जानेवारी २००२ रोजी पहिले २० बंदी क्यूबातील ग्वांटानामो बे या नाविक तळावर आणण्यात आले. पुढे त्या तळावर ठेवल्या गेलेल्यांची एकूण संख्या सुमारे ७८० झाली.

या स्थळाच्या निवडीमागे कायदेशीर हिशेब होता. १९०३ च्या भाडेकरारानुसार या भूमीवर अंतिम सार्वभौमत्व क्यूबाचे आणि संपूर्ण ताबा व नियंत्रण अमेरिकेचे आहे. १९३४ च्या तहाने हा करार कायम केला आणि अमेरिकेने तळ सोडून दिल्याशिवाय किंवा उभय देशांच्या संमतीशिवाय तो संपुष्टात येऊ शकत नाही. त्यामुळे आयझेनट्रेगर निर्णयाच्या आधारे येथील बंदींना अमेरिकन न्यायालयाचे दार बंद राहील, अशी शासनाची अपेक्षा होती. ७ फेब्रुवारी २००२ रोजी राष्ट्राध्यक्षांनी असाही निर्णय घेतला की, अल-कायदाला जिनिव्हा करार लागू होत नाहीत आणि तालिबानचे लढवय्ये युद्धकैदी ठरत नाहीत. हा निर्णय सरसकट होता. कलम ५ ला अपेक्षित असलेली, प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र सुनावणी झाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे चार निर्णय

अ) रसूल विरुद्ध बुश (२८ जून २००४) : दोन ऑस्ट्रेलियन व बारा कुवेती बंदींचे अर्ज या खटल्यात न्यायालयापुढे होते. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो, त्या ब्रिटिश नागरिकाची निकालापूर्वीच सुटका झाली होती. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, ग्वांटानामोवर अमेरिकेचे संपूर्ण नियंत्रण असल्याने हेबियस कॉर्पसविषयीचा कायदा तेथे लागू होतो. मात्र हा निर्णय काँग्रेसने केलेल्या कायद्याच्या अर्थावर आधारलेला होता, घटनेवर नव्हे. त्यामुळे कायदा बदलून तो निष्प्रभ करण्याची वाट मोकळी राहिली.

आ) हमदी विरुद्ध रम्सफेल्ड (२८ जून २००४) : यासर हमदी हा अमेरिकेत जन्मलेला, म्हणून अमेरिकन नागरिक होता. अफगाणिस्तानात पकडल्यानंतर त्याला ग्वांटानामोवर आणि नागरिकत्व उघड झाल्यावर अमेरिकेतील नाविक तुरुंगात ठेवण्यात आले. तो शत्रुयोद्धा असल्याचा शासनाचा पुरावा म्हणजे संरक्षण खात्यातील एका अधिकाऱ्याचे संक्षिप्त निवेदन एवढाच होता. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी चार न्यायमूर्तींच्या वतीने लिहिलेल्या मतात दोन गोष्टी मांडल्या. लढाई चालू असेपर्यंत अशा व्यक्तीला स्थानबद्ध ठेवण्याचा अधिकार काँग्रेसच्या ठरावातून मिळतो. परंतु तिला शत्रुयोद्धा का ठरविले याची माहिती आणि ते खोडून काढण्याची वाजवी संधी तटस्थ निर्णयकर्त्यापुढे मिळालीच पाहिजे. युद्धाची स्थिती म्हणजे नागरिकांच्या हक्कांबाबत राष्ट्राध्यक्षांना दिलेली मोकळीक नव्हे, हा या मताचा गाभा होता.

याच खटल्यात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी भिन्नमत नोंदविले व न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी त्यास सहमती दिली. त्यांच्या मते, नागरिकाच्या बाबतीत शासनापुढे दोनच पर्याय होते : त्याच्यावर रीतसर खटला भरावा, किंवा काँग्रेसने घटनेनुसार हेबियस कॉर्पस स्थगित करावे. ऑक्टोबर २००४ मध्ये हमदीने अमेरिकन नागरिकत्वाचा त्याग केला व त्याला सौदी अरेबियात पाठविण्यात आले. जवळपास तीन वर्षांच्या स्थानबद्धतेत त्याच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही.

इ) हमदान विरुद्ध रम्सफेल्ड (२९ जून २००६) : सलीम हमदान हा येमेनी नागरिक ओसामा बिन लादेनचा वाहनचालक होता. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने स्थापन झालेले लष्करी आयोग अमेरिकेच्या लष्करी न्यायसंहितेशी व जिनिव्हा करारांच्या समान कलम ३ शी विसंगत आहेत, असा निर्णय न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी दिला. अल-कायदाविरुद्धच्या संघर्षातही किमान मानवी नियम लागू होतात, हे यामुळे प्रस्थापित झाले. प्रत्युत्तरादाखल काँग्रेसने सप्टेंबर २००६ मध्ये लष्करी आयोग कायदा संमत केला व त्यात परकीय शत्रुयोद्ध्यांचे हेबियस कॉर्पसचे अर्ज ऐकण्याचा न्यायालयांचा अधिकारच काढून घेतला.

ई) बूमेदियन विरुद्ध बुश (१२ जून २००८) : लखदर बूमेदियन व त्याचे सहकारी अर्जदार रणभूमीवर नव्हे, तर बोस्नियात पकडले गेले होते. पुराव्याअभावी त्यांना सोडण्याचा आदेश बोस्नियाच्या न्यायालयाने दिल्यानंतर जानेवारी २००२ मध्ये त्यांना अमेरिकेच्या ताब्यात देण्यात आले. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलेल्या पाच विरुद्ध चार मतांच्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की, ग्वांटानामोतील बंदींना हेबियस कॉर्पसचा घटनात्मक हक्क आहे आणि २००६ च्या कायद्यातील संबंधित तरतूद घटनाबाह्य आहे. अमेरिकन घटनेनुसार हा हक्क केवळ बंड किंवा परचक्र यांच्या प्रसंगीच स्थगित करता येतो. भूमीवरील सार्वभौमत्व औपचारिकरीत्या दुसऱ्या देशाकडे ठेवून शासनाला घटनेच्या बंधनातून सुटका करून घेता येणार नाही, ही या निर्णयाची सर्वांत दूरगामी बाजू होय.

न्यायालयाने या निर्णयात दर्जा-पुनर्विलोकन न्यायाधिकरणांचाही विचार केला. हमदी निर्णयानंतर जुलै २००४ मध्ये संरक्षण खात्याने ही न्यायाधिकरणे नेमली होती. त्यांनी ५५८ सुनावण्या घेऊन केवळ ३८ जणांना शत्रुयोद्धे नसल्याचे ठरविले. या सुनावण्यांत बंदीला वकील मिळत नसे, गोपनीय पुरावा त्याला दाखविला जात नसे, ऐकीव पुरावा ग्राह्य धरला जाई आणि शासनाचा पुरावा खराच आहे असे गृहीत धरले जाई. ज्याला पुरावाच माहीत नाही, त्याने तो खोडून कसा काढावा? ही प्रक्रिया हेबियस कॉर्पसला पुरेसा पर्याय ठरत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

हक्क आणि उपाय यांतील अंतर

बूमेदियन निर्णयाचा परिणाम लवकरच दिसून आला. २० नोव्हेंबर २००८ रोजी जिल्हा न्यायालयाने पुरावा तपासून बूमेदियनसह सहापैकी पाच जणांच्या सुटकेचा आदेश दिला आणि मे २००९ मध्ये बूमेदियन फ्रान्सला गेला. जो पुरावा सात वर्षांच्या स्थानबद्धतेला पुरला होता, तो तटस्थ न्यायाधीशापुढे टिकला नाही. स्वतंत्र न्यायालयीन तपासणी का आवश्यक आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

तथापि सर्वांच्याच बाबतीत असे घडले नाही. ग्वांटानामोवर एकूण २२ चिनी उइघुर ठेवण्यात आले होते. त्यांपैकी उरलेले १७ जण शत्रुयोद्धे नाहीत, हे २००८ पर्यंत शासनानेही मान्य केले होते. चीनमध्ये छळाची भीती असल्याने त्यांना मायदेशी पाठविता येत नव्हते. ऑक्टोबर २००८ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांना अमेरिकेतच मुक्त करण्याचा आदेश दिला. परंतु परकीयांना देशात प्रवेश देण्याचा निर्णय न्यायालयाचा नाही, असे म्हणून अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००९ मध्ये तो रद्द केला. शेवटचे तीन उइघुर डिसेंबर २०१३ मध्ये स्लोव्हाकियाला रवाना झाले.

येमेनी नागरिक अदनान लतीफ याची हकिगत अधिक खेदजनक आहे. शासनाचा गुप्तवार्ता अहवाल विश्वसनीय नाही असे ठरवून जिल्हा न्यायालयाने जुलै २०१० मध्ये त्याच्या सुटकेचा आदेश दिला. अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये तो आदेश रद्द करताना असे तत्त्व मांडले की, शासकीय अहवाल नियमानुसारच तयार झाला आहे असे प्रथमतः मानले पाहिजे. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्वांटानामोतच लतीफचा मृत्यू झाला. दहा वर्षांहून अधिक काळ तो तेथे होता आणि त्याच्यावर कधीही खटला भरला गेला नव्हता. बूमेदियन निर्णयाने शासनाचा शब्द अंतिम मानण्यास नकार दिला होता. पुराव्याच्या नियमांमधून तोच शब्द पुन्हा वजनदार झाला.

राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २२ जानेवारी २००९ रोजी ग्वांटानामो एका वर्षात बंद करण्याचा आदेश दिला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये शासनाने न्यायालयात 'शत्रुयोद्धा' ही संज्ञा वापरणेही थांबविले. मात्र स्थानबद्धतेचा अधिकार शासनाने सोडला नाही आणि तळही बंद झाला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकन सैन्य अफगाणिस्तानातून परतल्यानंतरही अल-कायदाविरुद्धचा संघर्ष संपलेला नाही, अशी भूमिका शासनाने कायम ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये तेथे या संघर्षातील १५ बंदी शिल्लक होते. 'लढाई संपेपर्यंत' या शब्दांचा अर्थ वीस वर्षांहून अधिक काळ असा होऊ शकतो, याची कल्पना १९४९ च्या करारकर्त्यांनी केली नसावी.

भारतीय संदर्भ

भारतीय वाचकाला हा प्रश्न सर्वस्वी अपरिचित नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये अटकेची कारणे समजण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा व चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क दिलेला आहे. मात्र त्याच अनुच्छेदाच्या खंड ३ नुसार शत्रुदेशीय परकीयाला आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेखालील व्यक्तीला हे हक्क मिळत नाहीत. म्हणजे येथेही दर्जा ठरला की हक्क ठरतात.

आणीबाणीच्या काळात ए.डी.एम. जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने असा निर्णय दिला की, राष्ट्रपतींचा आदेश अमलात असताना स्थानबद्ध व्यक्तीला बंदी प्रत्यक्षीकरणासाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद केली आणि २०१७ मधील पुट्टस्वामी निर्णयाने जबलपूर निर्णय स्पष्टपणे रद्दबातल ठरविला.

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडला गेलेला हल्लेखोर परदेशी नागरिक होता आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप त्याच्यावर होता. लोकक्षोभ तीव्र होता व त्याचे वकीलपत्र घेण्यास वकीलवर्गातून विरोधही झाला. तरीही त्याच्यावर मुंबईतील विशेष न्यायालयात, बचावाचा वकील देऊन खटला चालविण्यात आला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने, फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याची छाननी करून निर्णय दिला. आरोपीला प्रथम हजर करतानाच वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असा सर्वसाधारण दंडकही सर्वोच्च न्यायालयाने याच निकालात घालून दिला. हल्ल्यानंतर चार वर्षांच्या आत हे प्रकरण पूर्णत्वास गेले. याउलट ११ सप्टेंबरच्या कटातील प्रमुख आरोपी २००३ मध्ये पकडला गेला असूनही, लष्करी आयोगापुढील त्याचा खटला २०२५ च्या प्रारंभापर्यंत प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत पोहोचलेला नव्हता. नियमित न्यायप्रक्रिया सुरक्षेच्या आड येते, या समजुतीला ही तुलना आधार देत नाही.

निष्कर्ष

१) संशयित शत्रुयोद्ध्याचा सर्वांत मूलभूत हक्क म्हणजे आपण शत्रुयोद्धा आहोत की नाही, याची तटस्थ तपासणी मिळण्याचा हक्क होय. इतर सर्व हक्क त्यानंतर येतात.

२) युद्धकाळात शासनाला स्थानबद्धतेचा अधिकार असतो, हे न्यायालयांनी अमान्य केलेले नाही. तो अधिकार तपासणीच्या पलीकडे आहे, हा दावा मात्र त्यांनी फेटाळला.

३) स्थळ, नागरिकत्व किंवा संज्ञा बदलून घटनात्मक बंधन टाळता येणार नाही, हे बूमेदियन निर्णयाचे प्रमुख योगदान आहे.

४) न्यायालयात जाण्याचा हक्क मिळाला तरी पुराव्याचे नियम शासनाच्या बाजूने झुकलेले असतील आणि सुटकेचा आदेश अमलात आणण्याची शक्ती न्यायालयाकडे नसेल, तर तो हक्क अपुरा राहतो.

५) अनिश्चित काळ चालणाऱ्या संघर्षासाठी 'लढाई संपेपर्यंत' हा निकष पुरेसा नाही. ठरावीक कालावधीनंतर प्रत्येक बंदीच्या स्थानबद्धतेचे स्वतंत्र न्यायालयीन पुनर्विलोकन आंतरराष्ट्रीय कायद्यात बंधनकारक करणे आवश्यक आहे.

पकडलेल्या व्यक्तींमध्ये खरोखर धोकादायक असे काही जण असतात, याविषयी दुमत नाही. परंतु ते कोण, हे तपासल्याशिवाय समजत नाही आणि ही तपासणी पकडणाऱ्याच्याच हाती सोपविली, तर निरपराध व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्यासाठी जागाच उरत नाही. म्हणून संशयिताला दिलेला सुनावणीचा हक्क ही शत्रूवर केलेली मेहेरबानी नसून राज्यसंस्थेच्या निर्णयातील चूक शोधण्याचे ते साधन आहे.